डाव्या कानातला काळा मणी

लासुर्ण्याच्या तात्याबानं मेंढरं विकली, आणि त्यानंतर त्याच्या घरातल्यांनी जे भोगलं ते वैऱ्यावरही येऊ नये.

मेंढरं विकण्यात त्याची चूक काही नव्हती. कालव्याचं पाणी आलं, नजर जाईल तिकडं ऊस झाला, आणि उसाच्या गावात मेंढरं चारायची म्हणजे रोज कुणाच्या तरी शिव्या खाऊनच घरी यायचं. मुलगा झुंबर ट्रॅक्टरवर ड्रायव्हर झाला होता. कारखान्याला ऊस ओढायचा, कॅसेट मोठ्यानं लावायचा, आणि बापाच्या अंगाला मेंढरांचा वास येतो म्हणून चारचौघांत त्याच्याजवळ बसायचा नाही. स्वतःच्या अंगाला डिझेलचा वास येतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी कळप गेला, घरच्या तुकड्यातही ऊस लागला, आणि तात्याबाला करण्यासारखं राहिलं ते एवढंच, की दारात बसायचं आणि रस्त्यानं जाणाऱ्या-येणाऱ्याला नावं ठेवायची.

नावं ठेवण्यात तो पटाईत होता. जन्मभर जनावरं पारखलेला माणूस, त्याला माणसंही तशीच दिसायची. "ह्याचं मागचं पाय बारीक हायती, ह्ये टिकायचं न्हाय," हे तो नव्यानं आलेल्या ग्रामसेवकाबद्दल म्हणाला, आणि तेही ग्रामसेवक समोर उभा असताना. ग्रामसेवक खरोखरच चार महिन्यांत बदलून गेला, त्यामुळं तात्याबाला आणखीच चेव आला.

पण खरी अडचण तोंडाची नव्हती, बोटांची होती. कळपामागं चालताना तात्याबाच्या हातात कायम टकळी फिरायची. डोळे मेंढरांवर, पाय रस्त्यावर आणि बोटं लोकरीत, असा त्याचा सगळा जन्म गेलेला. मेंढरं गेली तशी लोकर गेली, टकळी माळ्यावर गेली, पण बोटं कुठं जाणार? ती शिवशिवत राहायची. त्यानं आधी बाजेचं सुंभ उसवलं. मग पोत्याची शिवण. मग एका दुपारी त्याची बायको भागूबाई डुलकी काढून उठली, तर तिच्या लुगड्याचा काठ वीतभर सुटलेला, आणि शेजारी हा बसलेला, त्या दोऱ्याचा पीळ तपासत.

"ह्यांच्या हाताला काय तरी दे बाई," ती सुनेला म्हणाली. "न्हायतर ह्ये समदं घर उसवत्याल."

सून म्हणजे सुप्रिया. मेंढरं विकल्यावर काही महिन्यांनी झुंबरचं लग्न झालं तेव्हा ती घरात आली. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, बाप कंपनीत कामाला. तिथल्या महिला मंडळाच्या वर्गात ती तारेत मणी ओवून कानातली करायला शिकली होती, आणि सासरी येताना बिस्किटांच्या एका पत्र्याच्या डब्यात बारीक पक्कड, पितळी तारेचं वेटोळं आणि पुड्यापुड्यांनी बांधलेले काचमणी घेऊन आली होती. दुपारी काम आवरलं की ती डबा उघडून बसायची. तिची कानातली बरी असत. म्हणजे घालणारी बाई चालत असली आणि बघणारा एसटीत बसलेला असला, तर बरी दिसत. जवळून बघितलं की तारेची टोकं इकडं-तिकडं निघालेली, आणि एक मणी पुढं तर दुसरा मागं.

एक दिवस तिच्याकडून तारेचा गुंता झाला. तिनं वैतागून तो केराच्या सुपात टाकला. तात्याबानं तो उचलला. नखानं सोडवत बसला. गुंता सुटला. मग अंगठ्याखाली ओढून त्यानं तार सरळ केली, इतकी सरळ की सुप्रियाला वाटलं ही नवीच आहे. मग त्यानं तिला पीळ दिला, कारण तार असो की लोकर, हातात आल्यावर पीळ दिल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. पिळात त्यानं एक मणी अडकवला. मग दुसरा. ऊन भिंतीवरून उतरलं तेव्हा त्याच्या तळहातावर एक झुबका तयार होता, ज्वारीच्या कणसासारखा गच्च, आणि तारेचं एकही टोक बाहेर दिसत नव्हतं.

"टाकून दे," तो सुनेला म्हणाला. "पोरखेळ हाय."

सुप्रियानं टाकला नाही. हट्टानं त्याच्याकडून जोडीचा दुसरा करून घेतला आणि तो जोड कानात घालून ती गिरणीत दळण आणायला गेली. तिथं बायकांनी तिला असं घेरलं की गिरणीवाल्यानं कुणाची बाजरी कुणाच्या डब्यात ओतली त्याचं त्यालाच कळलं नाही. सुप्रिया घरी आली ती मागणी घेऊनच.

तात्याबा घाबरला. ज्या माणसानं एकेकाळी लांडग्याच्या तोंडातून कोकरू ओढून काढलं होतं (निदान तो तसं सांगायचा, आणि लांडगा काही खोटं पाडायला येणार नव्हता), त्या माणसानं बायकांच्या कानातले झुबे करावेत? हे पारावर कळलं तर? मिशीला पीळ देऊन बसायची सोय राहिली नसती.

"कुनाला सांगायचं न्हाय," त्यानं सुनेला बजावलं. "तूच करतीस. माजं नाव न्हाय घ्यायचं."

"बरं मामंजी."

"झुंबरलाबी न्हाय."

झुंबरला सांगायची गरजच नव्हती. तो बायकोच्या कानाकडं बघणाऱ्यातला नव्हता. तो ट्रॅक्टरच्या टायरकडं मात्र रोज बघायचा.

अशी घरात व्यवस्था लागली. दुपारी दार अर्धं लोटून तात्याबा आत खांबाला टेकून बसायचा, पुढ्यात ताटलीत मणी. भागूबाई उंबऱ्यात सूप घेऊन बसायची आणि तीच तीच ज्वारी पुन्हा पुन्हा निवडायची. कुणी येताना दिसलं की ती खोकायची. खोकला ऐकला की तात्याबा ताटलीवर घोंगडी ओढून आडवा व्हायचा आणि घोरायला लागायचा. मग सुप्रिया पुढं होऊन बोलणं करायची. त्या काळात गावात दोन गोष्टींची चर्चा होती. एक, भागूबाईचा खोकला बरा होत नाही. दुसरी, तात्याबा फार झोपतो, काहीतरी आतून पोखरलेलं असणार. एकानं तर बारामतीच्या डॉक्टरचा पत्ताही आणून दिला.

हे सगळं सोसलं असतं, पण घोंगडीखालून त्याला सगळं ऐकू यायचं.

"सुप्रिये, काय गं तुजं हात," कुणी म्हणायची. "देवानं घडवून दिल्याती."

"क्वार्टरची पोर हाय ना. शिकल्याली हाय. आमच्या हितल्या अडान्यांचं काम न्हाय त्ये."

घोंगडीखाली तात्याबाला घाम फुटायचा, आणि तो सगळा उकाड्याचा नसायचा. अडाणी! त्याचं घोरणं मध्येच थांबायचं, मग भान येऊन दुप्पट जोरानं सुरू व्हायचं. कुणाला कळता कामा नये, याची त्याला धास्ती होती. आणि कुणालाच कळत नाही, याचा संताप होता. दोन्ही एकाच पोटात ठेवून तो रोज दुपारी आडवा पडायचा. गावाची तारीफ सून घेऊन जायची, आणि त्याच्या वाट्याला डॉक्टरचा पत्ता यायचा.

आता त्या काळ्या मण्याचं सांगितलं पाहिजे.

तात्याबाच्या घराण्याच्या मेंढरांना एक खूण असे. डाव्या कानाला खालच्या बाजूला खाच, आणि खाचेवर डांबराचा काळा ठिपका. दोन कळप एकत्र मिसळले, मेंढरू चुकून दुसऱ्याच्या वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यात, गेलं, तर कान धरून बघायचा आणि ओढून आणायचं. बापानं त्याला चालायच्या आधी हे शिकवलं होतं. बिनखुणेचं मेंढरू हातातून सोडायचं नाही. सोडलं तर ते ज्याला सापडेल त्याचं.

तर पहिला मागणीचा जोड झाला. लाल मण्यांचे दोन झुबके, अगदी एकसारखे. तात्याबानं ते उन्हात धरून बघितले आणि त्याला ते कसेसेच वाटले, उघडेउघडे. चूक कुठं आहे ते कळेना. मग बोटांनीच काय ते केलं. डाव्या कानातल्याच्या टोकाचा लाल मणी काढला, पुडीतून एक काळा घेतला आणि तिथं बसवला. तात्याबाला एकदम गार वाटलं.

"मामंजी, ह्यो चुकलाय," सुप्रिया म्हणाली. "दोनी कानात सारकं पायजे."

"असंच असतंय."

"कुठं असतंय?"

"असतंय म्हनलं ना."

सुप्रियानं मेंढराचा कान कधी हातात धरला नव्हता. तिला काय कळणार? पण पोरगी डोक्यानं चालाख. गिऱ्हाईक विचारायला लागलं, तशी तिनं सांगून टाकलं की तो एक काळा मणी नजर लागू नये म्हणून असतो. मग काय विचारता? नजर आपल्याला लागत नाही असं मानणारी एकही बाई त्या पंचक्रोशीत नव्हती. दिसायला बरी असो नसो, प्रत्येकीला आपल्याला नजर लागते अशी खात्री होती. मागणी दुप्पट झाली. बारामतीहून मण्यांच्या पुड्या आणायला सुप्रियाला सारखं एसटीनं जावं लागायला लागलं. लासुर्ण्यात, निमगाव केतकीत, क्वार्टरमध्येसुद्धा बायकांच्या डाव्या कानात काळा मणी हलायला लागला.

भागूबाईला ती खूण कळली नसेल असं कोण म्हणेल? जन्मभर तिनं मेंढरांचे कान धरून ठेवले होते आणि तात्याबानं डांबर लावलं होतं. पण ती उंबऱ्यात बसून नुसती खोकत राहिली.

घोटाळा निमगावच्या बाजारात झाला.

लासुर्ण्यात सर्जेराव म्हणून बागायतदार होते. कांदा, टोमॅटो, डाळिंब, पाण्याची मोटर, दारात राजदूत फटफटी, आणि अंगात कायम कडक इस्त्रीचे कपडे. तात्याबाच्या मेंढरांनी एकदा त्यांचा कांदा खाल्ला होता, तेव्हापासून दोघांचं बोलणं म्हणजे नुसतं खाकरणं. त्यांची बायको द्वारकाबाई. तिनं सुप्रियाकडून हौसेनं खास मोठे झुबे करून घेतले होते, आणि ते घालून ती बाजारच्या दिवशी निमगावात कांद्याच्या ढिगामागं नवऱ्याशेजारी बसली होती.

समोर सोनबा आला. हा तात्याबाच्या वयाचा, अजूनही मेंढरं राखून असलेला, त्या दिवशी बोकड विकायला आलेला. डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला आलेला, माणसं त्याला ओळखू येत नव्हती. पण कान ओळखू येत होते. कांद्याचा भाव विचारायला तो वाकला, आणि तसाच थांबला.

"आरं तिच्या मारी," तो म्हणाला. "ही तात्याबाच्या कळपातली हितं कशी आली?"

द्वारकाबाईला वाटलं म्हातारा भ्रमिष्ट झालाय. पण सोनबानं तिच्या डाव्या कानाकडं बोट केलं. मग शेजारी मिरच्या विकणाऱ्या लासुर्ण्याच्याच बाईच्या कानाकडं केलं. मग भाजी घ्यायला आलेल्या दोघीतिघींकडं केलं. आणि बोकड घेऊन उभ्या असलेल्या बाकीच्या म्हाताऱ्यांना त्यानं मोठ्यानं सगळी हकीकत सांगितली, डावा कान, खाच, डांबराचा ठिपका, सगळी. "मेंढरं इकली म्हनत व्हता," तो म्हणाला. "ही तर दुनावल्याती."

बाजार हसला. बाजाराला दुसरं कामच काय? दुपारपर्यंत जी ती बाई दिसली की टवाळ पोरं तोंडानं मेंढरू हाकल्याचा आवाज काढायला लागली. सर्जेराव लालबुंद होऊन ढीग अर्धा टाकून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मारुतीच्या पारावर गाव गोळा झालं. बोलावणं सुप्रियाला होतं. झुंबर ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर गेलेला. सुप्रिया डोक्यावर पदर घेऊन आली, मागं तात्याबा, त्याच्या मागं अंतर ठेवून भागूबाई. एका बाजूला बायकांचा घोळका, बऱ्याचजणींच्या कानात तोच मुद्देमाल.

"ह्या पोरीनं गावातल्या समद्या आयाबहिनींना मेंढरं केलं," सर्जेराव म्हणाले. "सासऱ्याच्या कळपाची खूण आमच्या घरच्यांच्या कानात घातली. आमच्यावर हसतीया ही, क्वार्टरची शानी."

सुप्रियाचा चेहरा उतरला. खुणेचं तिला काल बाजारातूनच कळलं होतं. तिनं सासऱ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. ती खाली बघून म्हणाली, "मला म्हाईत नव्हतं. चुकून झालं. मी परत..."

तात्याबाला कळलं, ती काय म्हणणार आहे. मी परत करणार नाही. म्हणजे तो पत्र्याचा डबा माळ्यावर जाणार, टकळीशेजारी. पुन्हा ती दारातली बाज, ते सुंभ, तो रस्ता. आणि पोरीचं नाव गावभर खराब होणार ते वेगळंच, तेही त्याच्या बोटांपायी. एकीकडं मिशी होती, एकीकडं हे सगळं.

"तिनं न्हाय," तो म्हणाला. "म्या केल्याती."

पारावरच्या सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. मग कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले.

"तात्या, सुनंवर पांघरून घालताय, चांगलं हाय," पारावरचा एक म्हातारा म्हणाला. "पर पटंल असं तरी बोला."

"समदी म्याच केल्याती. पैल्यापास्नं."

"व्हय व्हय. आन मी काल चोळी शिवली."

पुन्हा हशा. तात्याबाचं डोकंच फिरलं. इतके महिने घोंगडीखाली घाम गाळला तो हे कुणाला कळू नये म्हणून. आज सगळ्या गावापुढं मिशी उतरवून ठेवली, तर गाव घ्यायला तयार नाही. त्याला आता लाज उरली नव्हती, नुसता राग होता.

"सुप्रिये, डबा आन."

डबा आला, ताटली आली. तात्याबा पारावर मांडी घालून बसला. तारेचा तुकडा तोडला, अंगठ्याखाली ओढला, टोक पकडीत धरून वळवलं. दुसरं टोक मिशीखाली दातांत धरलं. मणी उचलायला त्याला बघावं लागत नव्हतं. ताटलीतून बोट फिरायचं आणि मणी तारेत गेलेला असायचा. पीळ, मणी, पीळ. हसणारे एक एक करून गप्प झाले. बायका पुढं सरकल्या. पारावरच्या त्या म्हाताऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. एक झुबका झाला. दुसरा होत आला. आणि शेवटच्या मण्याला तात्याबाचं बोट ताटलीत लाल मण्यांवरून फिरलं, पुढं गेलं आणि काळा घेऊन आलं.

सगळ्यांनी बघितलं. तात्याबानंही तेव्हाच बघितलं.

"म्हंजी मुद्दाम," सर्जेराव म्हणाले.

"मुद्दाम न्हाय. हाताची सवं हाय."

"माजी बायकू काय तुजं मेंढरू हाय?"

"न्हाय," तात्याबा म्हणाला. "माजं मेंढरू असतं तर तुमच्या रानात एवढं दिस टिकलंच नसतं."

हे बोलायला नको होतं. पण तात्याबाला नको ते बोलण्याची कला होती, आणि मेंढरांबरोबर ती काही विकली गेली नव्हती. पारावर गलका झाला. शेवटी पंचांनी ठरवलं ते असं, की गावातल्या बायकांनी आपापली कानातली इथंच काढून द्यावीत आणि हा धंदा बंद व्हावा. कुणाचं तरी उपरणं पारावर पसरलं गेलं. बायका एकमेकींकडं बघत पुढं आल्या. नवरे उभे होते, सासरे उभे होते. एकेक जोड उपरण्यावर पडायला लागला. द्वारकाबाईनंही काढले, तोंड फिरवून.

तात्याबा त्या ढिगाकडं बघत राहिला. लाल, हिरवे, निळे, प्रत्येक जोडात एक काळा. मेंढरं टेम्पोत चढवली त्या दिवशी तो लांब जाऊन उभा राहिला होता. आज लांब जायला जागा नव्हती. त्याला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला घोंगडीही नव्हती.

तेवढ्यात भागूबाई पुढं आली. आजवर पारासमोर ती कधी उभी राहिली नव्हती, तिच्यावर तशी वेळच आली नव्हती. ती वाकली, ढिगातला एक जोड उचलला. मग तिनं कानावरचा पदर मागं सारला. दोन्ही पाळ्यांच्या भोकांत केरसुणीच्या काडीचे बारीक तुकडे होते. भोक बुजू नये म्हणून बायका घालतात तसे. तिनं ते दोन्ही काढले आणि हातात धरले.

"ही समद्यास्नी नकु झाली," ती म्हणाली. "मला कुनी घालून तरी बघितली का?"

तिनं त्या काड्या सगळ्यांना दिसतील अशा तळहातावर धरल्या.

"लगीन करून आनली तवापास्नं ह्यांच्या कळपामागं चालतीया. रानात बाळंत झाली न् तिसऱ्या दिशी पुन्ना चालाय लागली. दर साली मेंढरांच्या कानाला नवं डांबर. गावच्या बायकांच्या कानात ह्यांनी मनी घातलं, म्या उंबऱ्यात बसून खोकली. घसा फुटला माजा. काड्या घालून ठिवल्या, म्हनलं येईल कवातरी आपली बारी."

मग ती सर्जेरावांकडं वळली.

"आन तुमी वो सर्जेराव. द्वारकाबाई म्हैनाभर ती कानात घालून तुमच्या म्होरं ताट वाडतीया. तुमच्या बायकूच्या कानात काय हाय, त्ये तुमाला निमगावच्या आंधळ्या सोनबानं सांगावं लागलं?"

सर्जेरावांनी सदरा खाली ओढून सारखा केला. इस्त्रीच्या कपड्यांचा या बाबतीत काही उपयोग नव्हता. बायकांच्या घोळक्यात कुणीतरी फसकन हसलं. द्वारकाबाई पुढं झाली, उपरण्यावरचे आपले झुबे शोधून काढले, तिथंच उभ्यानं कानात घातले, आणि नवऱ्याला म्हणाली, "चला घरी. भाकरी गार व्हतीया." तिच्या मागं मिरचीवाली पुढं आली. मग एकीला आपला जोड सापडेना, ती दुसरीचा उचलायला लागली, आणि त्यावरून दोघींची अशी जुंपली की पंचांना कुणी विचारलंच नाही. उपरणं रिकामं झालं. पुरुष इकडंतिकडं बघत पांगले. प्रत्येकजण जाताना हळूच आपल्या बायकोच्या कानाकडं बघून घेत होता.

भागूबाईनं हातातला जोड घातला नाही. तो कुणाचा तरी होता. जिचा होता तिला तिनं तो दिला, काड्या पुन्हा कानात सारल्या आणि घरची वाट धरली.

तात्याबा तिच्या मागून चालत गेला. एरवी तो पुढं असायचा.

घरी आल्यावर सुप्रिया चुलीकडं गेली, म्हणजे तिथं तिचं काही काम नव्हतं तरी गेली. तात्याबानं दार सताड उघडलं, उंबऱ्यातच बसला आणि डबा पुढ्यात घेतला. रस्त्यानं जाणारे बघत होते. त्यानं कुणालाही नाव ठेवलं नाही. पुड्या उलगडून तो मणी निवडत राहिला, चांगले वाटलेले पुन्हा बाजूला सारत राहिला. एक फुटका निघाला तर शिवी दिली. पहिला झुबका त्याच्या मनास येईना. त्यानं तो उसवला. दुसऱ्यांदा केला. भागूबाई भिंतीला टेकून बसली होती आणि मुद्दाम दुसरीकडं बघत होती.

उजव्या कानातला पुरा झाला. डाव्यातला शेवटच्या मण्यापर्यंत आला, आणि तिथं त्याचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदाच बोटांना विचारावं लागलं.

"काळा घालू का नगं?" त्यानं विचारलं.

भागूबाईनं भिंतीची टेक सोडली. मग ती पुढं सरकली आणि त्याच्या हातातून ते दोन्ही झुबके काढून घेतले. त्यातला एक अर्धवट राहिला होता, तो तिनं त्याला परत दिला.

"ह्याला लाल घाला. मला दोनी सारकी पायजेत," ती म्हणाली. "आन काळा एक मनी नुसत्या तारंत ओवून द्या."

"कशाला?"

"द्या म्हनलं ना."

त्यानं लाल घातला. मग बारीक तारेचं एक कडं वळवलं, त्यात एकच काळा मणी ओवला आणि तिच्या तळहातावर ठेवला. तात्याबाचे कान लहानपणीच टोचलेले होते. त्यातली बाळी कधीच मोडून खाल्ली होती, पण भोक शाबूत होतं. भागूबाईनं त्याचा डावा कान दोन बोटांत घट्ट धरला, जसा तिनं जन्मभर दुसऱ्यांचा धरून ठेवला होता.

रस्त्यावर दोघंतिघं थांबून बघत होते.

"हालू नगासा," भागूबाई म्हणाली.

तात्याबानं मान खाली केली.